मेकॅनिक निघाला आहे

त्या गुरुवारी सकाळी अमेरिकेतल्या डलुथमध्ये अशी थंडी पडली होती की कोरिन माकीच्या गाडीचं दार खांदा लावून हिसडलं तेव्हा कुठे उघडलं, आणि सीट लाकडाच्या फळीसारखी लागली. रेडिओवाला सांगत होता की शाळा बंद आहेत, कचऱ्याची गाडी येणार नाही, कुत्र्यांना बाहेर ठेवू नका. कोरिनला मात्र सुट्टी नव्हती. अशी थंडी म्हणजे तिच्या कंपनीची सुगी.

बर्चडेस्क ही रॉइस हाल्वरसनची कंपनी. सरोवराकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका विटांच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, पुरती डझनभरही माणसं नव्हती. घरं तापवणाऱ्या फर्नेस दुरुस्त करायचे जे छोटे छोटे धंदे असतात, कुठे नवरा-बायकोचे, कुठे बाप-लेकाचे, त्यांच्यासाठी ही मंडळी एक सॉफ्टवेअर चालवत. कुणाचं घर गार पडलं की तो आपल्या गावच्या फर्नेसवाल्याकडे तक्रार नोंदवायचा. ती बर्चडेस्कमधून फिरून जवळच्या मेकॅनिकच्या मोबाइलवर जायची आणि घरमालकाला उत्तर मिळायचं. रॉइसने स्वतः उभी हयात लोकांच्या तळघरांत फर्नेसपुढे गुडघे टेकून काढली होती. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्याने ही कंपनी काढली.

कोरिन पूर्वी गावच्या वर्तमानपत्रात बातमीदार होती. पेपर आटत आटत गेला आणि एक दिवस तिची खुर्चीही गेली. घटस्फोट नुकताच झालेला, घराचे हप्ते चालू. अशा वेळी रॉइसने तिला बोलावून घेतलं. "तुला लिहिता येतं, मला येत नाही," एवढीच मुलाखत झाली. तेव्हापासून कंपनीचं पेज, व्हिडिओ, ग्राहकांना जाणारे मेसेज, सगळं तिच्याकडे. फर्नेसवाल्यांसाठी तिने एक ग्रुप काढला होता आणि तो चांगला रंगायचा. फर्नेसमध्ये सापडलेल्या उंदरांच्या घरट्यांचे फोटो टाकायची त्यांच्यात चढाओढ असायची.

ऑफिसात शिरताच तिला तांदूळ आणि मशरूमचा वास आला. बर्नाडेट कोझलाकने घरून हॉटडिश या तिथल्या भाताच्या पदार्थाचं भांडं आणून खिडकीपाशी गरम करत ठेवलं होतं. बर्नाडेट म्हणजे ग्राहकांचे फोन घेणारी. साठीला टेकलेली, आवाज असा की समोरचा चिडलेला माणूस दोन मिनिटांत स्वतःच्या सुनेची तक्रार तिच्याकडे करू लागायचा. आज दुपारच्या जेवणाला पाहुणे होते. मिनियापोलिसची एक मोठी कंपनी बर्चडेस्क विकत घेण्याच्या विचारात होती आणि त्यांची दोन माणसं पाहणी करायला यायची होती. रॉइसने टाय बांधला होता.

"कोण मेलंय?" कोरिनने बर्नाडेटला हळूच विचारलं.

"अजून कोणी नाही," बर्नाडेट म्हणाली. "पण त्या टायने तो स्वतःच गुदमरून मरणार."

कोरिनने सकाळची पोस्ट आदल्या दिवशीच तयार करून लावून ठेवली होती आणि ती ठरल्या वेळी गेलीही होती. लोकरी मोजे घातलेले पाय, कोकोचा वाफाळता मग, खिडकीबाहेर बर्फ. खाली लिहिलं होतं, 'बाहेर कितीही थंडी असो, तुमच्या ग्राहकाची एकही हाक वाया जाणार नाही.' पोस्टवर बदाम पडत होते. तिने कॉफी ओतून घेतली आणि कॉमेंट वाचायला बसली.

तिसरी की चौथी कॉमेंट कार्ला व्हिट नावाच्या बाईची होती. तिने लिहिलं होतं, 'टू हार्बर्सला राहणाऱ्या माझ्या आईने काल संध्याकाळी फर्नेस बंद पडल्याची तक्रार केली. मेकॅनिक निघाला आहे असं तिला कळवलं गेलं. कोणी आलं नाही. आता आई फोन उचलत नाही. मी ॲरिझोनात आहे. इथे कोणी वाचतंय का?'

असल्या तक्रारी अधूनमधून यायच्या. उशीर फर्नेसवाल्याचा असायचा, बोलणी बर्चडेस्कला बसायची. कोरिनकडे त्यासाठी एक तयार उत्तर होतं: कृपया आपल्या गावच्या सेवा देणाऱ्याशी संपर्क साधावा. ते तिने चिकटवलं. कॉफीचा घोट घेतेय तोवर खाली दुसरी कॉमेंट आली, बेमिजीहून. घरात लहान मूल आहे, मेकॅनिक निघाला म्हणाले, रात्र गेली तरी पत्ता नाही. मग एक पुलापलीकडच्या सुपीरियर गावातून. तीन गावं, तीन वेगळे फर्नेसवाले, आणि तिघांच्या तोंडी एकच वाक्य. कोरिनने कप खाली ठेवला. बातमीदारी सुटली तरी एवढं तिच्या लगेच लक्षात आलं की एका दुकानाचा हा आळशीपणा नाही.

ती उठून फेंग लोरकडे गेली. फेंग हा कंपनीचा मुख्य प्रोग्रॅमर, सेंट पॉलहून आलेला तरुण, सूर्यफुलाच्या बिया चघळत काम करणारा. तिने तीन गावांची नावं सांगितली. त्याने तिथल्या नोंदी उघडल्या, वर-खाली केल्या, आणि बिया चघळायचा थांबला.

झालं होतं असं. आदल्या संध्याकाळी फेंगने सॉफ्टवेअरमध्ये एक नवी सोय घातली होती. म्हातारी माणसं, लहान मुलं, आजारी माणसं असतील त्या घरांच्या तक्रारी अर्जंट म्हणून वेगळ्या काढायच्या आणि मेकॅनिककडे सगळ्यांत आधी पाठवायच्या. फेंगने सोमवारपर्यंतचा वेळ मागितला होता. पाहुण्यांना दाखवायला हवं म्हणून रॉइसने गुरुवारच धरून ठेवला. आता त्या तक्रारी वेगळ्या निघत होत्या, पण पुढे जातच नव्हत्या. एका बाजूला गोळा होऊन पडल्या होत्या. घरमालकांना उत्तर मात्र नेमाने जात होतं.

"म्हणजे ज्यांना सगळ्यांत आधी मदत हवी…" कोरिन म्हणाली.

"त्यांच्याकडेच कोणी गेलेलं नाही," फेंग म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "नवीन येतील त्या मी आत्ता सुरळीत करतो. अडकलेल्या बाहेर काढायला दुपार होईल. घाईत हात घातला तर त्या पुसल्या जातील."

"दुपारपर्यंत काहीच करता येणार नाही?"

"फर्नेसवाल्याने स्वतः ते अर्जंटचं पान उघडलं तर तिथे नावं-पत्ते सगळं दिसतं. पण असं पान आहे हेच त्यांना ठाऊक नाही. आपण आज पाहुण्यांसमोर ते जाहीर करणार होतो."

दोघं रॉइसच्या खोलीत गेले. रॉइसने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने टायची गाठ सैल केली, पुन्हा घट्ट केली. तो म्हणाला की बर्नाडेटने, कोरिनने आणि हात मोकळा असेल त्या प्रत्येकाने फर्नेसवाल्यांना एकेक करून फोन लावायचे आणि ते पान उघडायला सांगायचं. पेजवर काही लिहायचं नाही. आणि त्या कॉमेंट काढून टाकायच्या.

"फोन लागणार नाहीत," कोरिन म्हणाली. "आज कुठल्या फर्नेसवाल्याचा फोन मोकळा असेल? पेजवर आणि ग्रुपवर टाकू दे मला. निम्मे तरी लगेच वाचतील."

"आणि ते वाचतील तसे मिनियापोलिसवालेही वाचतील. रस्त्यात, गाडीत बसून." रॉइस आवाज चढवत नव्हता. "तुला वाटतंय मी लपवाछपवी करतोय. पाहिजे तर तसं म्हण. पण आज हा सौदा हातचा गेला तर वर्षभरात इथे कुलूप लागेल. बर्नाडेटच्या नवऱ्याचं, जीनचं, डायलिसिस आपल्या कंपनीच्या विम्यावर चालतं, ठाऊक आहे ना तुला? झाकली मूठ झाकलेली राहू दे. दुपारपर्यंत."

कोरिनला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. ती जागेवर आली आणि तिने बेमिजीची आणि सुपीरियरची कॉमेंट दडवली. मग कार्ला व्हिटची. 'इथे कोणी वाचतंय का' हे शब्द समोरून नाहीसे झाले आणि तिथे पुन्हा कोको आणि मोजे तेवढे राहिले.

फोन सुरू झाले. बर्नाडेट वरून खाली, कोरिन खालून वर. एंगेज, एंगेज, नुसतीच वाजणारी घंटी, मग यंत्राचा आवाज. कुठे कोणी उचललाच तर तो तळघरातून ओरडत होता आणि पुरतं ऐकून घ्यायच्या आत ठेवत होता. बर्नाडेटला दोघंजण भेटले. कोरिनला एकही नाही. असं घासत बसलो तर संध्याकाळ होईल, हे तिला दिसत होतं.

कार्लाचं नाव तिच्या डोक्यातून जात नव्हतं. शेवटी तिने कार्लाला मेसेज करून नंबर मागितला आणि फोन लावला. पलीकडून पहिल्याच घंटीला उचलला गेला.

कार्ला भराभर बोलत होती. आईचं नाव आयली कांगास. टू हार्बर्सच्या वर, जंगलातल्या रस्त्यावर एकटीच राहते. शेजार आहे पण हाकेच्या अंतरावर नाही, आणि शेजाऱ्यांचा नंबर कार्लाकडे नव्हता. शेरिफच्या ऑफिसात तिने दोनदा फोन केला होता. हायवेवर मोठा ट्रक आडवा झालाय, माणूस मोकळा झाला की पाठवतो म्हणाले. फर्नेसवाला व्हर्न टॉलेफसन, त्याचा फोन सकाळपासून लागत नव्हता.

"काल रात्री बोलले मी तिच्याशी," कार्ला म्हणाली. "मी म्हटलं, आई, शेजाऱ्यांकडे जाऊन बस. तर म्हणाली, कशाला, तो निघालाय. यंत्राने फोन करून सांगितलं होतं ना तिला. कुडकुडत बसू नका, पांघरून घ्या, मेकॅनिक निघाला आहे."

 ते वाक्य कोरिनचं होतं. पूर्वी तिथे 'आपली विनंती नोंदवण्यात आली आहे' असं कोरडं वाक्य जायचं. गारठलेल्या घरात बसलेल्या माणसाला धीर वाटेल असं काहीतरी हवं, असं मीटिंगमध्ये तिनेच सुचवलं आणि तिनेच लिहिलं. फर्नेसवाल्यांना ते इतकं आवडलं की रॉइसने केक आणला होता. खरं तर मेकॅनिकने काम उचलायच्या आधीच ते वाक्य जायचं. पण काम पाच-दहा मिनिटांत कोणीतरी उचलायचाच, म्हणून त्यात कुणाला खोटं दिसलं नाही. तिलाही नाही.

"तुम्ही ऐकताय का?" कार्लाने विचारलं.

"ऐकतेय," कोरिन म्हणाली. "तुमच्या आईकडे कोणीही निघालेलं नाही. चूक आमची आहे. मी आत्ता माणूस शोधते. तुम्ही शेरिफला पुन्हा फोन करा आणि त्यांना सांगा की फर्नेसवाला येणार नाहीये, हे कंपनीनेच कळवलंय."

 कार्लाने फोन ठेवला.

नेमके त्याच वेळी जिन्यात बूट आपटल्याचे आवाज आले. पाहुणे आले होते, एक उंच बाई आणि तिच्यासोबत एक चष्मेवाला. रॉइस हसत सामोरा गेला, कोट घेतले, थंडीवरून विनोद केला आणि त्यांना काचेच्या खोलीत नेऊन बसवलं. आत जाता जाता त्याने कोरिनकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. नाही, असं.

कोरिन लिहायला लागली.  मागे कोणीतरी येऊन उभं राहिल्याचं तिला जाणवलं. बर्नाडेट होती, गळ्यात हेडफोन लोंबत होता.

"तू नको थांबूस इथे," कोरिन म्हणाली. "तुला माहीत नव्हतं असं म्हणता येईल तुला. जीनचा विमा आहे."

"जीनचं जीनपाशी," बर्नाडेट म्हणाली. "लिही तू. आणि तिथे 'गैरसोय' कशाला लिहिलंयस? गैरसोय कसली? खोड ते."

कोरिनने खोडलं. फेंग उठून आला, त्याने वाकून वाचलं आणि पान नेमकं कुठे दाबलं की उघडतं ते नीट सांगितलं. शेवटी मजकूर असा झाला:

'फर्नेसवाल्यांनो, हातातलं काम ठेवा आणि हे वाचा. काल संध्याकाळपासून आलेल्या अर्जंट तक्रारी तुमच्या मोबाइलवर पोचलेल्या नाहीत. चूक आमची आहे. घरमालकांना मात्र मेकॅनिक निघाला आहे असं सांगितलं गेलंय. तो निघालेला नाही. बर्चडेस्क उघडा, वरच्या कोपऱ्यातली लाल घंटा दाबा. नावं-पत्ते तिथे आहेत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे आधी जा. घरमालकहो, तुम्ही वाट पाहत असाल तर वाट पाहू नका. शेजाऱ्यांकडे जा.'

तिने ते पेजवर टाकलं, ग्रुपवर टाकलं. नाताळाच्या शुभेच्छा पाठवायला जी सोय होती ती उघडून सगळ्या फर्नेसवाल्यांच्या मोबाइलवर तोच मजकूर पाठवला. कोकोची पोस्ट काढून टाकली. दडवलेल्या तिन्ही कॉमेंटमधली माणसं तिने एकेक करून गाठली आणि त्यांनाही हेच कळवलं. आपल्या हातून काय झालंय हे तिला पुरतं कळत होतं, पण मागे फिरायला आता जागाच उरली नव्हती.

काही मिनिटं काहीच झालं नाही. मग ग्रुपवर पहिलं उत्तर आलं. 'तीन सापडले. निघालो.' मग दुसरं. मग शिव्या, मोजून मापून घातलेल्या. वीस वर्षांचा धंदा मातीत घालायला निघालात का, असं एकाने विचारलं होतं. मग पुन्हा 'निघालो', 'पोरगा निघाला', 'माझ्याकडे एकही नाही, कुणाला माणूस हवा असेल तर सांगा.' बर्नाडेटचे फोन एकदम वाजू लागले.

काचेच्या खोलीत चष्मेवाल्याने टेबलाखाली फोन पाहिला आणि तो बाईपुढे सरकवला. तिने वाचलं. ती रॉइसला काहीतरी म्हणाली, सभ्यपणे, हसतही असावी. रॉइस पुढे जे दाखवणार होता ते दाखवायचं राहिलं. पाहुण्यांनी कोट मागितले. हॉटडिशचा वास घेत त्यांनी बर्नाडेटची स्तुती केली आणि जेवायला न थांबता ते गेले.

रॉइस कोरिनच्या टेबलापाशी आला. त्याच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

"लॅपटॉप दे."

तिने दिला.

"घरी जा, कोरिन. आत्ता मला तुझ्याशी बोलता येणार नाही. बोललो तर वाईट बोलीन."

"जाते. पण एक फोन यायचाय. टू हार्बर्सहून. तो आला की जाते."

"कुणाचा फोन?"

तिने आयली कांगासबद्दल सांगितलं. रॉइसने ऐकून घेतलं. त्याने तिला जायला पुन्हा सांगितलं नाही आणि थांब असंही म्हटलं नाही. तो खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत राहिला. सरोवरावरून वाफ उठत होती.

कोरिन कोट घालून बर्नाडेटच्या शेजारी बसून राहिली. तिच्याकडे आता काही काम नव्हतं. तिने व्हर्न टॉलेफसनचा नंबर पुन्हा पुन्हा फिरवला आणि पुन्हा पुन्हा एंगेज ऐकला. मनात नको नको ते येत होतं. आजवर तिने दुसऱ्यांच्या चुकांच्या बातम्या लिहिल्या होत्या. एका वाक्याने माणूस मरू शकतो आणि ते वाक्य आपलं असू शकतं, हे तिच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. फेंग खाली मान घालून काम करत होता. हॉटडिश तसंच पडून होतं, कुणीही ताट घेतलं नव्हतं.

फोन आला तो बर्नाडेटकडे. तिने नाव ऐकलं आणि स्पीकर लावला.

"टॉलेफसन बोलतोय. ती लाल घंटेची पोस्ट ज्या बाईने टाकली, ती आहे का तिथे?"

"मीच," कोरिन म्हणाली. "आयली कांगास?"

"जिवंत आहे. अँब्युलन्समध्ये चढवून आत्ता येतोय." माणसाला धाप लागली होती. "मी दुसऱ्याच तळघरात होतो. बायकोने मेसेज वाचला, दुकानातून गाडी घेऊन आली आणि मला अक्षरशः ओढून बाहेर काढलं. दार आतून लावलेलं. फोडावं लागलं. घरातले नळ गोठलेले. म्हातारी पलंगावर, अंगावर घरातले सगळे कोट. बोलत होती, पण भलतंच. मला नवरा समजत होती, तो कधीच गेला. पायाची बोटं काही बरी दिसत नव्हती."

"तिने शेजाऱ्यांना का नाही उठवलं?" बर्नाडेटने विचारलं.

"मीही विचारलं, अँब्युलन्स येईपर्यंत माझ्या गाडीत बसवलं होतं तेव्हा. थोडी शुद्धीवर आली होती. म्हणाली, तू निघालायस असं सांगितलं ना त्यांनी, मग कुणाला कशाला त्रास द्यायचा." टॉलेफसन म्हणाला. "मला शरम वाटली. निघालो नव्हतो मी. मला ठाऊकच नव्हतं."

कोरिनने त्याचे आभार मानले, कार्लाला फोन लावून आई सापडल्याचं सांगितलं, तिचं रडणं ऐकून घेतलं. मग ती उठून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली.

बाहेर आली तेव्हा रॉइसचा टाय टेबलावर पडला होता. तो फेंगच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत विचारत होता की अजून कुणाकडे कोणीच गेलेलं नाही. फेंगने सांगितलं, सुपीरियरमध्ये एक घर आहे, तिथला मेकॅनिकच फ्लूने झोपलाय. रॉइसने पत्ता घेतला. गाडीत त्याची जुनी हत्यारं असायचीच. दारापाशी तो कोरिनजवळ थांबला.

"मी घरी जा म्हटलं ते मागे घेत नाही," तो म्हणाला. "पण जाण्याआधी ते वाक्य बदल. फेंगकडून करून घे. मेकॅनिकने बटण दाबल्याशिवाय कुणी निघाला म्हणायचं नाही."

तो जिना उतरला, एकेक पायरी, कठड्याला धरून. संध्याकाळी त्या घरचा फोन आला की फर्नेस चालू झाली आणि तुमच्या मेकॅनिकला उठून उभं राहायला दोघांनी हात द्यावा लागला.

त्या थंडीत कोणी दगावलं नाही. तेवढं नशीब. बऱ्याच घरांचे नळ फुटले, बेमिजीचं मूल दोन दिवस हॉस्पिटलात राहिलं, आयली कांगासच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. कोरिन तिला भेटायला गेली होती. म्हातारीने तिच्याशी गोडीची भाषा केली नाही. दाराची किंमत कोण देणार ते विचारलं, आणि टॉलेफसन बूट न काढता गालिच्यावरून चालला याची तक्रार केली.

मिनियापोलिसवाल्यांनी पुन्हा फोन केला नाही. काही फर्नेसवाले सोडून गेले, वकिलांची पत्रं आली. कोरिन सोमवारी कामावर आली तेव्हा तिचा लॅपटॉप तिच्या टेबलावर होता आणि त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. रॉइस तिच्याशी कामापुरतं बोलायचा. पूर्वी तो तिच्या टेबलाच्या कडेवर बसून मासेमारीच्या थापा मारायचा, ते बंद झालं.

मार्चमध्ये त्याने तिला खोलीत बोलावलं आणि दोन माणसं कमी करावी लागतील असं सांगितलं. त्यातलं एक नाव बर्नाडेटचं होतं.

"मला काढ," कोरिन म्हणाली. "केलं मी. तिने नाही."

"तुलाच काढायचं होतं. आठवडाभर मनाशी तेच धरून होतो." रॉइस थकलेला दिसत होता. "पण जे फर्नेसवाले राहिलेत ते तुझ्यामुळे राहिलेत. फोन करून तुझं नाव विचारतात. तू गेलीस तर उरलेलेही जातील, मग सगळेच घरी. मला कुठलाच रस्ता सापडत नाहीये, कोरिन. तुला सापडला तर सांग."

तिला सापडला नाही. आपला पगार दोघींत निम्मा-निम्मा वाटायची तयारी तिने दाखवली. विमा वाटता येत नाही, असं रॉइस म्हणाला, आणि ते खरं होतं.

बर्नाडेटचं सामान एका खोक्यात मावलं. कोरिनने ते खाली तिच्या गाडीपर्यंत नेलं. रस्त्याकडेचा बर्फ काळा पडून वितळत होता. कोरिनला माफी मागायची होती, पण कशाची ते तिला नीट सांगता येईना. बर्नाडेटने तिला फार वेळ चाचपडू दिलं नाही.

"मी तुझ्या मागे उभी होते," ती म्हणाली. "मला कुणी ढकललं नव्हतं. तेव्हा माझ्या वतीने रडू नकोस, मला ते आवडत नाही."

"आणि जीन?"

"तीच काळजी आहे," बर्नाडेट म्हणाली. "रात्री झोप लागत नाही."

एप्रिलमध्ये टॉलेफसनने तिला फोन घ्यायच्या कामावर ठेवलं. त्या दिवसानंतर त्याला यंत्राच्या भरवशावर राहायचं नव्हतं, फोनवर माणूस हवा होता. पगार बरा होता, विमा नव्हता. राज्य सरकारच्या योजनेसाठी बर्नाडेटने कितीतरी खेटे घातले, तेव्हा जीनचं डायलिसिस चालू राहिलं. मधे डायलिसिसच्या दोन खेपा हुकल्या आणि तो सुजून हॉस्पिटलात गेला. तिथून परत आला, पण आधीसारखं चालणं काही जमलं नाही.

मंगळवारी बर्नाडेटला टू हार्बर्सहून वेळेत येता येत नाही. म्हणून मंगळवारी कोरिन जीनला डायलिसिसला नेते. रॉइसला तिने तसं सांगितलं तेव्हा तो फक्त बरं म्हणाला, आणि पुढच्या मंगळवारपासून दुपारची मीटिंग बुधवारवर गेली.

जीन गाडीत बसायला वेळ लावतो. आधी काठी आत, मग एक पाय, मग दम खाणं. कोरिन दार धरून उभी राहते. सबंध रस्ताभर तो हॉकीबद्दल बोलतो आणि कुठल्या खेळाडूला संघाबाहेर हाकलायला हवं ते सांगतो. तिला हॉकीतलं फारसं कळत नाही, पण आता नावं कळायला लागली आहेत.